जीभ बघणारी बाई

ती आधी स्वतःची जीभ बाहेर काढायची.

पांढरा कोट, घट्ट आंबाडा, नाकावर उतरलेला चष्मा, वय साठीच्या पुढे. अशी बाई टेबलापलीकडून तुमच्याकडे शांतपणे बघते आणि एकदम दुसरीतल्या मुलीसारखी जीभ काढून दाखवते, तेव्हा आपण काय करायचं असतं, हे मला लहानपणी कुणी शिकवलेलं नव्हतं. मी हसले. तिने जीभ आत घेतली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "नाऊ यू."

तुम्ही कधी अनोळखी माणसाला जीभ काढून दाखवली आहे का? एकदा करून बघा. अठ्ठेचाळीस वर्षं जपलेला रुबाब, शिपिंग कंपनीतली सीनियर पोस्ट, सोसायटीतल्या बायकांमध्ये असलेलं वजन, सगळं त्या एका क्षणात खाली येतं. आणि समोरची बाई टॉर्च मारून बघत असते!

माझ्यावर ही वेळ आली ती उजव्या खांद्यामुळे. एका सकाळी वरच्या कप्प्यातला पोह्यांचा डबा काढायला हात वर केला, तर तो अर्ध्यातच थांबला. मग वेणी घालता येईना, ब्लाऊजचं हुक लागेना. गाडीत सीटबेल्ट ओढायलासुद्धा नवऱ्याला हाक मारावी लागायची, त्यामुळे भांडून गाडीत बसायची सोयच उरली नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. वर्ष-दीड वर्षात सुटेल आपोआप." बाहेर चव्वेचाळीस डिग्री तापमान, आणि त्यात गोठायला माझाच खांदा सापडला.

आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. इथे इमारतींच्या गटांना बागांची नावं आहेत. आमच्या गटाचं नाव मुघल. माझे सासरे साताऱ्याचे. चौदा वर्षं झाली, पत्त्यातला तेवढा शब्द आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवला आहे. ती चिनी डॉक्टरीण राहायची तीन गल्ल्या पलीकडे, झेन नावाच्या गटात. मेट्रो स्टेशनजवळच्या एका मेडिकल सेंटरमध्ये दातांचे डॉक्टर आणि त्वचेचे डॉक्टर यांच्या मधली छोटी खोली तिची. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून मी गेले. नवऱ्याने फी ऐकली आणि मोठ्याने हिशोब केला, "दीडशे दिरहॅम! अगं, म्हणजे साडेतीन हजार रुपये. सुया टोचून घ्यायला? मी घरी फुकट टोचतो."

"तू तोंडाने टोचतोस," मी म्हटलं. "ते वेगळं."

पहिल्या दिवशी जिभेनंतर तिने माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं हिला झोप लागली. मी जरा हालचाल केली तर डोळे न उघडता म्हणाली, "दीदी, नो थिंक. आय कॅन नॉट हिअर." तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान मी, पण तिच्यासाठी दीदीच. हा शब्द ती रिसेप्शनवरच्या मुलीकडून शिकली होती आणि सगळ्या भारतीय बायकांवर सरसकट वापरायची.

"फिफ्टी शोल्डर," तिने डोळे उघडून निदान सांगितलं. त्यांच्याकडे या दुखण्याला पन्नाशीचा खांदाच म्हणतात म्हणे.

"पण डॉक्टर, आय ॲम ओन्ली फॉर्टीएट."

तिने थोडा विचार केला. "शोल्डर फर्स्ट गो," ती म्हणाली. "यू कम बिहाइंड."

मग नियम. "ठंडा नो." फ्रिजमधलं पाणी नाही, आईस्क्रीम नाही, एसीचा वारा मानेवर नाही. पायांत मोजे. रात्री अकराच्या आत झोप. शुगरची गोळी चालू आहे का? "गुड. ईट. माय नीडल नो टॅब्लेट." आणि शेवटी बोट नाचवत, "अँग्री नो." मी विचारलं, कुणावर? तिने बोटं मोजली. "हजबंड. चिल्ड्रन. बॉस. मदर-इन-लॉ." माझ्याकडे बघून पाचवं बोटही दुमडलं. "मिरर."

आमच्या घरात कोमट पाणी सुरू झालं. लेक पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "मम्मा, धिस इज लिटरली अ पनिशमेंट." नवरा डॉक्टरणीला 'तुझी सुईवाली' म्हणायचा. पण एकदा लिफ्टच्या आरशासमोर तो जीभ काढून उभा असलेला मी पाहिला. दार उघडल्यावर त्याने खोकला आल्याचं नाटक केलं.

मी बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करते, म्हणून माझी वेळ साडेअकराची. वीस मिनिटं सुया टोचून पडून राहायचं. खांद्यात, दंडात, पायात, एक कानात. खांद्याची सुई पायात का, असं विचारलं तर म्हणायची, "लाइट हिअर," आणि छताकडे बोट. मग दाराजवळचं बटण दाखवून, "स्विच देअर." मला इंजिनियर नवऱ्याने इतक्या वर्षांत एकही गोष्ट इतकी सोपी करून सांगितलेली नाही.

बारा वाजले की ती व्हिडिओ कॉल करायची. आईला.

तिचं गाव डोंगरात कुठेतरी होतं. आई नव्वदीची. भाऊ फोन धरायचा. तिकडे तेव्हा दुपारचे चार झालेले असायचे. खोलीतला आडपडदा तोकडा, माझा पलंग जवळ, त्यामुळे मला इच्छा असो नसो, सगळं दिसायचं. आधी एक सुरकुतलेला चेहरा यायचा. मग डॉक्टरीण आपली जीभ काढायची आणि पलीकडे ती म्हातारी जीभ काढायची. मग भाऊ फोन जवळ न्यायचा आणि फोनचा सगळा पडदा जिभेने भरून जायचा. मी त्या बाईचं नाव विचारलं नाही, तिचा आवाजही नीट ऐकला नाही, पण तिची जीभ मी आठवड्यातून दोनदा पाहिली. गुलाबी, टवटवीत. नव्वदीत अशी! मला तर हेवाच वाटायचा.

"मदर गुड," फोन ठेवून ती स्वतःलाच सांगायची. मग त्या जिभेनुसार भावाला औषधं लिहून पाठवायची. चार वर्षं ती घरी गेली नव्हती. दर वर्षी त्यांच्या नव्या वर्षाच्या सुमाराला जायचं ठरायचं, मग कुणी तरी नवा पेशंट अर्ध्यावर असायचा, मुलाच्या घराचा हप्ता असायचा, बदली डॉक्टर मिळायची नाही. "नेक्स्ट इयर," ती म्हणायची. इथे आम्ही सगळेच पुढच्या वर्षी जाणारे. "मदर टंग गुड," ती पुढे जोडायची. "सो कॅन वेट."

माझ्या जिभेचं मात्र काही ठीक नव्हतं. "यलो," ती म्हणायची. पुढच्या खेपेला, "मोअर यलो." शरीरात उष्णता साठली आहे असं तिचं म्हणणं. तिखट बंद झालं. कांदा-लसूण बंद झाला. कॉफी गेली. आणि मग, ऐन मे महिन्यात, आंबा. हापूसची पेटी घरात, नवरा आणि लेक समोर बसून कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खातायत, आणि मी कोमट पाणी पितेय. "अँग्री नो, अँग्री नो," नवरा साल चोखत म्हणाला.

इतकं करूनही जीभ पिवळीच. डॉक्टरीण काळजीत पडली. तिने तिची जाडजूड पुस्तकं उघडली, मला लिव्हरची तपासणी करायला पाठवलं. रिपोर्ट एकदम स्वच्छ. तो कागद बघून तिचा चेहरा असा पडला, की मलाच अपराधी वाटलं. आपलं लिव्हर चांगलं आहे म्हणून कुणाची माफी मागावीशी वाटली, अशी मी पहिलीच असेन.

आता खरी गोष्ट सांगते. माझी आई सांगलीला असते. सांगलीच्या माणसाला हळद म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुया टोचतात हे कळल्या दिवसापासून तिचा हुकूम होता, "जायच्या आधी हळदीचं दूध घेऊन जा गं. टोचाटोचीत रक्तबिक्त आलं तर!" तिने पाठवलेली हळद अशी, की चिमूटभर दुधात टाकली तर भांडं आठवडाभर लग्नघरात असल्यासारखं दिसावं. मी आज्ञाधारक मुलगी. बुधवारी आणि शुक्रवारी सव्वाअकराला कपभर पिवळंधमक दूध पिऊन, तोंड पुसून, मी त्या बाईला जीभ दाखवायला जायची.

आणि दोन्हीचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. हसा. मी कंपनीत दुसऱ्यांच्या कागदपत्रांतल्या चुका शोधण्याचा पगार घेते.

एका शुक्रवारी मीटिंग लांबली, दूध राहिलं, म्हणून थर्मासमध्ये भरून घेतलं आणि तिच्या खोलीत पलंगावर बसून प्यायला लागले. मागून ती आली.

"दीदी. व्हॉट धिस?"

"मिल्क. हळदी. माय मदर सेज..."

तिने थर्मासमध्ये नाक घातलं. मग माझ्याकडे बघितलं. मग एक पांढरा टिश्यू घेतला, माझी हनुवटी धरली आणि माझी जीभ पुसली. टिश्यू नवरीच्या अंगाला लावल्यासारखा पिवळा. खालची जीभ, तिने आरसा धरून दाखवली, साधी, गरीब, गुलाबी.

ती मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली. अशी हसली, की पलीकडून दातांचे डॉक्टर डोकावून गेले. मग उठून तिने औषधांचा खण उघडला आणि आतून सुकलेली हळकुंडं काढून माझ्या हातावर ठेवली. "आय ऑल्सो गिव्ह यू," ती डोळे पुसत म्हणाली. "फॉर शोल्डर." खांद्यासाठी ती देत असलेल्या औषधाच्या पुड्यांत पहिल्या दिवसापासून हळद होतीच. इतके दिवस ती एका हाताने हळद देत होती आणि दुसऱ्या हाताने पिवळा रंग घालवत होती. "सिक्स वीक मँगो, यू ईट नाऊ!" ती म्हणाली. आंबा बंद होऊन सहा नाही, तीनच आठवडे झाले होते, पण मी दुरुस्ती केली नाही.

हसू ओसरलं. तिने मला सुया टोचल्या. बारा वाजले. तिने फोन लावला.

पलीकडे नेहमीसारखी ती गुलाबी जीभ आली. आणि ही बघतच राहिली. नेहमी दोन मिनिटांत संपणारं काम, त्या दिवशी संपेना. तिच्या हातात अजून तो पिवळा टिश्यू होता. तिने भावाला हळू आवाजात काही तरी विचारलं. भाऊ काही तरी बोलला. तिने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. पडदा हलला, छत दिसलं, बंद झाला.

तिने मग माझ्या सुया काढल्या, पाठीवर थोपटलं. घरी आल्यावर लेक माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "मम्मा, देअर्स अ नीडल इन युअर इअर." सुई विसरणारी बाई नव्हती ती.

बुधवारी गेले तेव्हा तिने जीभ दाखवायला सांगितलंच नाही. खुर्चीवर बसली होती, कोटाची बटणं न लावता.

"माय मदर चीटिंग," ती म्हणाली.

तुकड्यातुकड्यांनी मला कळलं ते असं. शुक्रवारी रात्रभर तिला एकच विचार छळत राहिला, की जिभेला रंग लागतो. शनिवारी तिने फोन लावून भावाला सांगितलं, पांढरा रुमाल घे आणि आईची जीभ पूस, माझ्यासमोर पूस. भाऊ नाही म्हणत होता. ही ओरडली. त्याने पुसली. रुमाल लाल झाला. त्यांच्याकडे एका लाल रानफळाची वडी मिळते, आपल्या चिंचेच्या गोळीसारखी आंबटगोड. म्हातारी रोज पावणेचारला ती तोंडात घोळवायची. तिचा नवरा, म्हणजे हिचे वडील, गावचे वैद्य. चाळीस वर्षं तिने त्यांची मुळं कुटली होती, पेशंटच्या जिभा बघताना ते काय बडबडतात ते ऐकलं होतं. मुलीला फोनवर काय दिसलं म्हणजे ती निवांत राहील, हे तिला पक्कं माहीत होतं. भावाला तिने शपथ घातली होती.

"अंडर कँडी," ती म्हणाली आणि खोलीच्या भिंतीवर हात ठेवला. पांढऱ्या भिंतीवर. "लाइक धिस."

माझी आई मला फोनवर सांगते, गुडघे झकास आहेत, गच्चीवर जाऊन आले. मी तिला सांगते, खांदा मोकळा झाला, कालच पडदे लावले. आम्ही दोघी फोनवर ठणठणीत असतो.

"थर्टी-एट इयर डॉक्टर," ती म्हणाली. "आय लुक एव्हरी डे. आय गिव्ह मेडिसिन फॉर कँडी."

मग तिने आपलीच तीन बोटं आपल्याच मनगटावर दाबली. "टंग कम इन फोन. धिस," ती म्हणाली, "नो कम."

तिने रजा मागितली. सेंटरचा मॅनेजर म्हणाला, ईदची सुट्टी होऊ दे, बदली डॉक्टर येऊ दे, मग जा. नऊ वर्षांत मान खाली घालून 'ओके' म्हणणारी ती बाई त्याच्या केबिनच्या दारात उभी राहून फक्त "खलास" म्हणाली, असं रिसेप्शनवरच्या मुलीने मला सांगितलं. आठ दिवसांनंतरचं तिकीट मिळालं. त्या आठ दिवसांत ती रोज सगळे पेशंट बघायची, आणि बारा वाजता फोन करायची. आता जिभेचं नाटक संपलं होतं. भाऊ फोन उशाशी टेकवायचा आणि ती नुसती बघत बसायची. म्हातारी बहुतेक झोपलेली असायची. मी घरी असतानाही मनातल्या मनात दिवस मोजायची. सहा. पाच. म्हातारीला थांबायला सांगा कुणी तरी, असं वाटायचं. कुणाला सांगणार?

एअरपोर्टला आम्ही सोडलं. माझ्या नवऱ्याने, न सांगता, ऑफिसमधून लवकर निघून, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सिलिकॉन ओएसिसहून ट्रॅफिकमधून येऊन तिच्या दोन बॅगा खाली आणल्या. एकीत बहुतेक खजूरच होता. गाडीत बसल्यावर तिने पहिल्यांदा एसीचे सगळे झरोके हाताने बंद केले. बाहेर जूनचं ऊन. नवरा घामाने थबथबला, पण झरोक्याला हात लावला नाही.

उतरताना मी तिला विचारलं, "माझं पुढे काय?" म्हणजे खांद्याचं. विचारल्यावर माझीच मला लाज वाटली. तिने माझा हात धरून जितका वर जातो तितका उचलला, गाडीच्या टपापर्यंत गेला.

"यू, टाइम हॅव," ती म्हणाली. मग बॅगा घेऊन गर्दीत शिरली, मागे न बघता.

तिच्यासाठी मी ती वापरायची ते मेसेजचं चिनी ॲप फोनवर घेतलं होतं. त्यात माझी एकच ओळख, ती. एक दिवस गेला, चार गेले. जेवताना नवरा विचारायचा, "काही कळलं का तुझ्या डॉक्टरांचं?" सुईवाली हा शब्द कधी गेला, लक्षातही आलं नाही. लेक म्हणाली, "जस्ट टेक्स्ट हर, मम्मा." मी नाही केला.

अकराव्या दिवशी व्हिडिओ आला. एक मिनिटाचा.

अंगण आहे. मोठं झाड, त्याखाली लाकडी बाक. ती बाकावर ताठ बसली आहे, साध्या फुलाफुलांच्या सदऱ्यात, केस मोकळे. तिच्या खांद्यावर आईचं डोकं. म्हातारीचं तोंड किंचित उघडं, गाढ झोप. तिच्या मनगटावर हिची तीन बोटं. एक कोंबडी पुढून निघून जाते. ही कॅमेऱ्याकडे फक्त डोळे वळवते आणि ओठ न हलवल्यासारखं कुजबुजते, "दीदी. शी स्लीप. आय नो मूव्ह."

मग काही नाही. तशीच बसून राहते, व्हिडिओ संपेपर्यंत.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माझा खांदा दिवाळीच्या सुमाराला सुटला. तिच्या खोलीत आता लेझरने केस काढतात. बदली डॉक्टर आल्याच नाहीत. तिच्याकडून त्यानंतर काही आलं नाही. मी अनेकदा ॲप उघडते, 'हाऊ इज मदर' एवढं लिहिते आणि पुसून टाकते. नवरा म्हणतो, "अगं, विचार ना एकदा." मी म्हणते, बघू.

विचारलं की उत्तर येईल. अजून त्या झाडाखाली म्हातारी झोपलेली आहे, आणि ती हललेली नाही.